व्हिक्टोरियाचे मोटेट: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सोळाव्या शतकातील स्पॅनिश संगीतकार तोमास लुइस दे व्हिक्टोरिया यांच्या ‘ओ माग्नुम मिस्तेरियुम’ या मोटेटवरील (म्हणजे चर्चसाठी रचलेल्या लॅटिन समूहगीतावरील) माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. चार आवाज एकमेकांवर चढत असल्यामुळे शब्द कळत नाहीत, हा पहिला. आणि नाताळचे गीत असूनही ते शोकगीतासारखे वाटते, हा दुसरा. पहिला मला अंशतः मान्य आहे, दुसरा मान्य नाही.

आरंभी सर्वांत वरचा आवाज एकटाच येतो. पंचमावरून तो षड्जावर उतरतो, पुन्हा पंचमावर जातो आणि कोमल धैवताला स्पर्श करून परततो (ही स्वरनामे अर्थातच आपल्या सोयीसाठी). तोच आकृतिबंध मग दुसरा आवाज उचलतो आणि पुढे खालचे दोन आवाज. त्यामुळे शब्द एकमेकांत मिसळण्यापूर्वीच ‘केवढे हे महान गूढ’ हा उद्गार कानावर स्वच्छ पडून गेलेला असतो. मध्यावर ‘हे धन्य कुमारी’ या शब्दांपाशी तर चौघेही थांबतात आणि एकच अक्षर एकाच वेळी उच्चारतात. गायनात शब्द स्पष्ट कळावेत की नाही, हा वाद कॅथलिक चर्चच्या त्रेंत येथील धर्मसभेच्या (१५४५–६३) काळात गाजला होता आणि हे मोटेट १५७२ मध्ये व्हेनिसला छापले गेले तेव्हा स्पेनमधील आविलाचा हा तरुण संगीतकार त्या चर्चच्या केंद्रस्थानी, रोममध्येच होता. मात्र मोठा गायकवृंद, दगडी चर्च आणि लांबलचक घुमारा असेल तर शब्द खरोखरच हरवतात. प्रत्येक आवाजाला एकच गायक असलेले ध्वनिमुद्रण मी सुचवायला हवे होते.

आता शोकाविषयी. या मोटेटची मूळ स्वरपंक्ती डोरियन आहे, म्हणजे स्वरांच्या दृष्टीने आपला काफी थाट. कोमल गंधार ऐकू आला की आपला कान करुण रस शोधू लागतो, हे खरे. पण काफीतच आपण होरी गातो आणि तिला कोणी विलापगीत म्हणत नाही. शिवाय ही संहिता आनंदाची नसून विस्मयाची आहे: गव्हाणीत निजलेल्या नवजात प्रभूचे दर्शन मुक्या जनावरांना घडावे, याचे आश्चर्य तिच्यात आहे. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, पण तेथे बैल किंवा गाढव नाही. ती जोडी पुढील परंपरेने जुन्या करारातील यशयाच्या ग्रंथातील एका वचनावरून तेथे आणून बांधली. अशा विस्मयाला दबका, संथ स्वरच शोभतो, असे मला वाटते. आनंद येतो तो शेवटच्या ‘आलेलुया’त, जेथे दोनाची चाल सोडून संगीत तिनाच्या झुलत्या लयीत शिरते. आपण तेथपर्यंत ऐकले होते का, अशी शंका मला आली; आगाऊपणा वाटल्यास क्षमा असावी.

आपल्या नजरेतून सुटलेली माझी एक चूकही सांगतो. हे मोटेट ‘खास २५ डिसेंबरसाठी’ रचले, असे मी लिहिले होते. संहिता नाताळच्या प्रार्थनेतील असली, तरी १५७२ च्या संग्रहात ते १ जानेवारीच्या, येशूच्या सुंतेच्या सणासाठी नेमलेले आहे. मूळ लेखात तशी दुरुस्ती केली आहे.