नंदुरबारचा तो मेसेज, मुद्द्यांसकट

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांच्या ग्रुपांवर सध्या नंदुरबारबद्दलचा एक मेसेज फिरतोय. ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: नंदुरबार म्हणजे नुसता डोंगर आणि जंगल, शेती नावालाच. तिथे सगळे भिल्ल, सगळ्यांची बोली एक. जिल्हा खरा गुजरातचा, 1960 साली चुकून आपल्याकडे राहिला. सरकारने धरण दिलं, जमिनी दिल्या, पण लोकांना डोंगर सोडवत नाही, कारण कष्ट नकोत. साक्षरता 64 टक्के, म्हणजे अडाणीच. आणि यांच्याच आरक्षणापायी आपल्या मुलांच्या जागा जातात. शेवटी हात जोडलेली चित्रं आणि 'कटू पण सत्य'.

मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना भूगोल शिकवते. ही मुलं उद्या तहसीलदार, गटविकास अधिकारी म्हणून अक्राणीला किंवा नवापूरला जाऊन बसू शकतात, म्हणून या मेसेजकडे काणाडोळा करवत नाही.

नकाशापासून सुरुवात करू. सातपुडा आहे, खराच. अक्राणी म्हणजे धडगाव तालुका आणि अक्कलकुव्याचा बराच भाग डोंगरात, आणि त्यापलीकडे जिल्ह्याची उत्तर हद्द म्हणजे नर्मदा. पण धडगावहून चांदसैली घाट उतरून दक्षिणेला आलात की तापीचं खोरं लागतं. शहादा, तळोदा, नंदुरबार या पट्ट्यात काळी कसदार जमीन आहे. तिथे ऊस, केळी, पपई, कापूस होतो. नवापूरची तऱ्हा तिसरीच. तिथे सह्याद्रीची शेपटी आहे, पाऊस चांगला आणि भात पिकतो. एवढ्या तीन भूगोलांना 'जंगल' म्हणून मोकळं व्हायचं असेल तर मुळशी आणि इंदापूर यांनाही एकच नाव देऊन टाका.

शेती नावालाच म्हणणाऱ्यांनी हंगामात नंदुरबार शहराबाहेरच्या पथाऱ्या बघाव्यात. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान. ओली लाल मिरची आणून पसरतात, उन्हात उलटीपालटी करतात, मग बायका ओळीने बसून देठ खुडतात. तोंडाला फडकं बांधलेलं, बोटांची आग होते ती वेगळी. अवकाळीची एक सर आली की पसरलेला माल काळा पडायला वेळ लागत नाही. नंदुरबारचा मिरची बाजार देशातल्या मोठ्या बाजारांत मोजला जातो. आपल्या घरातल्या तिखटाच्या पुडीत तिथली मिरची असण्याची शक्यता बरीच आहे.

'सगळे भिल्ल, बोली एक' हा दुसरा मुद्दा. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साधारण साडेसोळा लाख, त्यात अनुसूचित जमाती 69 टक्के. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा आदिवासी नाहीच. त्यात गुजर आहेत, मराठा आहेत, मुसलमान आहेत, मारवाडी व्यापारी आहेत, अहिराणी बोलणारी गावंच्या गावं आहेत. उरलेल्या 69 टक्क्यांतही भिल्ल मोठा समाज असला तरी धडगाव-शहाद्याकडे पावरा आहेत, नवापूरकडे गावित म्हणजे मावची आणि कोकणी आहेत, शिवाय तडवी आहेत. पावरी आणि मावची या दोन बोली बोलणारे एकमेकांसमोर आले तर मध्ये दुसरी भाषा घ्यावी लागते. धडगावच्या पाड्यावरचं पोर घरी पावरी बोलतं, बाजारात अहिराणी आणि हिंदीवर निभावतं आणि पहिलीच्या वर्गात त्याच्यासमोर येते ती पुस्तकातली मराठी. तरी ते शिकतं. कोथरूडातल्या मुलाला पहिलीत पावरी शिकवायला घेतली असती, तर पालकसभा किती तास चालली असती?

गुजरातच्या मुद्द्यात तर मेसेजवाल्याने इतिहास उलटा टांगला आहे. हा भाग खानदेशाचा. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. 1960 मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा 'चुकून' काही आपल्याकडे राहिलं नाही. उलट पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा भागांतली दीडशेच्या आसपास गावं गुजरातला दिली गेली. आजचा निझर, उच्छलकडचा मुलूख त्यातलाच, आणि त्या बाजूचा बराच भाग पुढे उकाई धरणाच्या पाण्याखाली गेला. सरहद्द अशी ओढली गेली की नवापूरच्या रेल्वे स्टेशनात एकाच फलाटावरच्या बाकड्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. लोक त्याचे फोटो काढतात. पण त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना तीच नाती, तीच आदिवासींची देवी देवमोगरा माता आणि तेच बाजार आहेत. सुरत जवळ आहे, मुंबई-पुणे लांब. म्हणून माणसं कामाला, दवाखान्याला सुरतेकडे जातात. याला गुजरातचं असणं म्हणत नाहीत.

आता धरण. इथे जरा थांबावं लागेल, कारण मेसेजचा सगळा खोडसाळपणा 'दिलं' या एका क्रियापदात भरला आहे.

सरदार सरोवर गुजरातेत केवडियाला आहे. त्याच्या फुगवट्याखाली महाराष्ट्रातली 33 गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यातलं पहिलं. 1979 च्या नर्मदा लवादाने 28 दशलक्ष एकर-फूट पाणी वाटलं, त्यातलं महाराष्ट्राच्या वाट्याला आलं पाव दशलक्ष एकर-फूट. वीज 27 टक्के. म्हणजे धरण 'दिलं' ते कोणाला, हा हिशेब मेसेजवाल्यानेच करावा. ज्यांची नदीकाठची गाळाची शेतं गेली त्यांच्या पाड्यांवर त्या धरणाचा कालवा येत नाही. आला तो जलाशय, आणि त्याने पायवाटा आणि नाले ओलांडायच्या जागा बुडवल्या. तिथल्या कित्येक पाड्यांना बाजाराला किंवा दवाखान्याला होडीने जावं लागतं. सरकारला बोटीवरचा तरंगता दवाखाना चालवावा लागतो, तो याचसाठी. मग वर आपण म्हणायचं, लोक दुर्गम राहतात. ती दुर्गमता काही प्रमाणात आपणच बांधून दिली आहे.

आणि डोंगर सोडलेच नाहीत, हेही खोटं. तळोदा, शहाद्याकडच्या वसाहतींत बुडितातली कितीतरी कुटुंबं उतरली, काही गुजरातेत गेली. जमीन काहींना मिळाली, काहींची प्रकरणं वर्षानुवर्षं कचेऱ्यांत फिरत राहिली.

पुणेकरांना हे समजून घ्यायला नंदुरबारपर्यंत जायला नको. आंबेगाव तालुका ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो ते जुनं आंबेगाव डिंभे धरणात गेलं. उठले ते बहुतांश महादेव कोळी आणि पाणी निघालं खालच्या सपाटीवरच्या शेतांना. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या पश्चिम पट्ट्यासाठी आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय घोडेगावला आहे. आपल्याच जिल्ह्यात आहे, हे अभ्यासिकेत विचारलं तर निम्मा वर्ग एकमेकांकडे बघतो.

राहिली सपाटीवरची जमीन. आदिवासी डोंगरातच का राहतात असं विचारणाऱ्याने शहाद्याची सपाट जमीन त्यांच्या हातून कशी गेली तेही विचारावं. कर्ज, गहाण, अंगठे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी तिथे याच जमिनींसाठी आणि मजुरीसाठी लढा उभा केला. पुढे राज्याने अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा 1974 चा कायदा केला. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासींकडून बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करायच्या, असं त्यात आहे. प्रश्न इतका मोठा नसता तर असला कायदा कोणी केला असता?

कष्ट नकोत म्हणे! दिवाळी उलटली की धडगाव, अक्कलकुव्याकडचे पाडे ओस पडायला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते आणि ट्रक भरून माणसं बारडोली, सुरतकडच्या साखर कारखान्यांच्या उसाला जातात. फडात पालं ठोकायची, पहाटेच्या थंडीत ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, रात्री-अपरात्री गाडी आली तर उठून भरायची. शिमग्याला माणसं परततात, कारण सातपुड्यात होळी चुकवत नाहीत. काठीची राजवाडी होळी बघायला आता शहरांतले लोकही कॅमेरे घेऊन जातात. मग उन्हाळ्यात झाडाच्या गावरान कैऱ्या उतरवून, सोलून, चिरून फोडी वाळत घालायच्या, आमचूर करायचं आणि धडगावच्या बाजारात घालायचं. फोड पांढरी राहिली तर भाव, काळवंडली तर व्यापारी मान फिरवतो. कष्टांचा हा एवढा जमाखर्च ज्याला दिसत नाही, त्याने निदान 'आळशी' हा शब्द वापरताना दमाने घ्यावं.

जिल्ह्याची साक्षरता 2011 मध्ये साधारण 64 टक्के, राज्याची 82, हे खरं आहे. मेसेजने हा आकडा अडाणीपणाचा पुरावा म्हणून दिला आहे. आई-बाप उसाच्या फडात, पोर त्यांच्याबरोबर, शाळा मागे, हे त्याचं एक कारण. त्याच जनगणनेतला दुसरा आकडा मेसेजमध्ये नाही: दर हजार पुरुषांमागे स्त्रिया नंदुरबारात 978, राज्यात 929 आणि आपल्या सुशिक्षित पुणे जिल्ह्यात 915.

शेवटचा मुद्दा, जागा जातात. राज्यात अनुसूचित जमाती 2011 मध्ये 9 टक्क्यांच्या वर आणि त्यांचं आरक्षण 7 टक्के. लोकसंख्येपेक्षा कमी. त्या 7 टक्क्यांतही खऱ्या आदिवासींच्या वाट्याला किती आलं, ते वेगळंच प्रकरण. खोट्या किंवा अवैध ठरलेल्या जमात दाखल्यांवर नोकऱ्या आणि प्रवेश घेतलेल्यांचा प्रश्न या राज्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जुलै 2017 मध्ये निकाल लागला की दावा अवैध ठरला तर त्यावर मिळवलेले लाभ राखता येत नाहीत. त्यानंतर डिसेंबर 2019 मध्ये राज्य सरकारने अशा कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्याऐवजी अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा तयार केलेल्या, पदांवर वर्ग केलं, आणि रिकाम्या झालेल्या जागांच्या भरतीसाठी आदिवासी मुलं मोर्चे काढत राहिली. जागा गेल्या त्या त्यांच्या, आणि कोणी घेतल्या हे त्या मेसेजमध्ये कुठेच लिहिलेलं नाही.