‘भावना विकण्याआधी कायदा वाचा’ म्हणणाऱ्या वाचकांस

सप्रेम नमस्कार.

कर्करोगाची औषधं आणि पेटंट यांवरच्या माझ्या लेखाखाली आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभारी आहे. आपलं म्हणणं थोडक्यात असं: मी ग्लिवेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाच्या पेटंटवरील निकालाचं साल चुकवलं, ते बनवणारी नोव्हार्टिस कंपनी अनेक भारतीय रुग्णांना ते औषध फुकट देत होती हे दडवलं, पेटंट नसेल तर संशोधनाला पैसा कोण घालणार, याचं उत्तर दिलं नाही. आणि शेवटी, “करारावर सही केलेल्या देशाने नियम पाळावेत. लेखकाने भावना विकण्याआधी कायदा वाचावा.”

साल चुकलं, मान्य. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1 एप्रिल 2013 चा. मी 2012 लिहिलं, कारण डोक्यात नेक्सावार या कर्करोगाच्याच दुसऱ्या औषधाचं प्रकरण घोळत होतं. दुरुस्ती केली आहे. चूक दाखवणाऱ्याचे उपकार मानावेत अशी आमच्या घरची शिकवण. त्यावर एप्रिल फूलचा विनोद केला नसतात तर जरा जास्त मानता आले असते.

आता ते शेवटचं वाक्य. (इथून ‘आपण’ सोडून ‘तुम्ही’वर येतो, दमछाक होते.)

मी 14 वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. मिरजेतल्या दवाखान्यांचे जिने मला तोंडपाठ आहेत. बॅग, सॅम्पल, महिनाअखेरचं टार्गेट, स्टॉकिस्टच्या विनवण्या, सगळं केलं. म्हणजे मी विकलीच असतील तर औषधं विकली आहेत. आणि औषध विकणाऱ्याला जे दिसतं ते कायद्याच्या पुस्तकात नसतं. केमिस्टच्या काउंटरवर माणूस चिठ्ठी पुढे करतो, आकडा ऐकतो, मग हळूच म्हणतो, “चारच गोळ्या द्या.” केमिस्ट कात्रीने स्ट्रिप कापतो. हे मी आठवड्यातून कितीदा पाहिलं असेल! याला तुम्ही भावना म्हणता, मी गिऱ्हाइकी म्हणतो.

राहिला कायदा. तोही वाचला आहे, तुमच्या आज्ञेची वाट न पाहता. 15 एप्रिल 1994 ला मराकेशमध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सही झाली, ती ट्रिप्ससकट, म्हणजे पेटंटसारख्या बौद्धिक संपदेच्या करारासकट. पेटंट कशाला द्यायचं याबद्दल त्यात एवढंच आहे की शोध नवा हवा, त्यात कल्पकतेची पायरी (जाणकारालाही सहज न सुचणारी भर) हवी आणि तो उद्योगाला उपयोगी हवा. पण कल्पकतेची पायरी किती उंच, याची व्याख्या करारात नाही. ती प्रत्येक देशाने आपापली ठरवायची. भारताने औषधांना उत्पादन-पेटंट (नुसत्या बनवण्याच्या पद्धतीवर नव्हे, खुद्द औषधावर) 2005 पासून द्यायला घेतलं, तेव्हा याच मोकळ्या जागेत आपल्या पेटंट कायद्याचं कलम 3(डी) सध्याच्या रूपात आणून बसवलं. साध्या भाषेत: जुन्याच पदार्थाचं नवं रूप घेऊन आलात, तर त्याचा गुण जास्त येतो हे दाखवा, नाहीतर पेटंट नाही. ग्लिवेकमध्ये वाद होता त्यातल्या मूळ द्रव्याच्या, इमॅटिनिब मेसिलेटच्या, बीटा स्फटिकरूपावर. कंपनीचं म्हणणं, ते शरीरात 30 टक्के जास्त शोषलं जातं. न्यायालय म्हणालं, गुण म्हणजे रोगावरचा गुण. नुसतं जास्त शोषलं जाणं पुरेसं नाही; म्हणून पेटंट नाकारलं. आपली आजी ‘या औषधाचा गुण आला’ म्हणायची, ती याच अर्थाने. यात नियम कुठे मोडला? अमेरिका दरवर्षी अहवालात भारताला लाल शेरा मारते, पण 3(डी) जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा-मंडळापुढे आजवर कुणीही नेलेलं नाही. का नेत नाहीत, हे तुम्हीच सांगा. कायदा वाचला आहे ना तुम्ही!

आणि सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट असतानाही दुसऱ्याला ते औषध बनवायला सरकारने दिलेली मुभा? ट्रिप्सच्या कलम 31 मध्ये त्याची तरतूद आहे, आणि जागतिक व्यापार संघटनेच्या 2001 च्या दोहा जाहीरनाम्यात स्वच्छ लिहिलं आहे की तो कुठल्या कारणांनी द्यायचा हे देशांनी ठरवावं. आपल्या पेटंट कायद्याचं कलम 84 त्यासाठीच. त्याखाली भारताने आजवर असे किती परवाने दिले? एक. नेक्सावारचा, मार्च 2012 मध्ये, मुंबईच्या पेटंट कार्यालयातून. पेटंटधारक जर्मन कंपनी बायरच्या 120 गोळ्या, म्हणजे महिन्याचा डोस, 2,80,428 रुपयांना; नॅटको या भारतीय कंपनीने 8,880 रुपयांत द्यायच्या आणि विक्रीवर 6 टक्के रॉयल्टी बायरला भरायची. पुढे अपिलात ती 7 टक्के झाली. मुंबई उच्च न्यायालयानेही 2014 मध्ये परवाना कायम ठेवला. रॉयल्टी मिळते, पेटंटही शाबूत राहतं, आणि याला तुम्ही ‘सरकारी दरोडा’ म्हणता! बरं, 2001 मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची पाकिटं टपालातून फिरू लागली, तेव्हा तिथल्या सरकारने याच बायरला पेटंट बाजूला सारण्याचा धाक दाखवून त्यावरच्या सिप्रो या औषधाची किंमत जवळजवळ अर्ध्यावर आणली. तो दरोडा नव्हता वाटतं?

फुकट औषधाचं म्हणाल तर हो, नोव्हार्टिस देत होती. लेखात एक ओळ यायला हवी होती, नाही आली. पण अन्नछत्र चालतं म्हणून बाजारात तांदूळ कितीलाही विकावा, असं होत नाही. संशोधनाला पैसा कोण घालणार हा प्रश्न मोठा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. इथे त्यात शिरत नाही.

‘एमआर लोकांनी कायद्यात पडू नये’ हे वाक्य मी प्रतिक्रियेतून काढलेलं नाही. ते तिथेच राहू दे, चार लोकांना दिसू दे.

आपला,
लेखक

ता. क. तुम्ही तीनदा ‘नेक्सवार’ लिहिलं आहे. ते नेक्सावार.