टक्के बघू नका, मायक्रोमीटर हातात द्या

गेल्या रविवारी श्टुटगार्टहून घरी फोन लावला, तर पुतण्या गप्प गप्प. कोल्हापुरात कळंब्याच्या आयटीआयमधून फिटर झालाय. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं त्याचा अप्रेंटिसशिपचा अर्ज फेटाळला. दहावीला ६० टक्के हवेत, याला ५४. दादा म्हणाला, "नियम म्हणजे नियम." वहिनी म्हणाल्या, "तुमच्या जर्मनीत बरं, कुणालाही घेतात."

मला दोन्ही पटलं नाही. जर्मनीत अप्रेंटिस व्हायला कायद्यानं कुठल्याही शाळेच्या दाखल्याची अट नाही, हे खरं. पण कुणालाही घेत नाहीत. कंपन्या पोरगं स्वतः पारखून घेतात: अपूर्णांक येतात का, त्रैराशिक जमतं का, भाषा कळते का. मेकॅनिकचं शिक्षण साडेतीन वर्षांचं, त्यात शाळाही चालूच. आमच्या वर्कशॉपमधली नवी पोरं सुरुवातीला आठवडेच्या आठवडे कानस मारतात. काटकोन बघायला गुण्या लावायचा, तुकडा उजेडाकडे धरायचा, फट दिसली की पुन्हा व्हाइसच्या पकडीत.

फोनवरच पुतण्याला विचारलं, "ड्रॉइंगवर २० एच७ लिहिलंय. भोक कितीपर्यंत चालेल?"

"२०.०००पासून २०.०२१ मिलिमीटरपर्यंत, काका." (२० मिलिमीटरच्या भोकात किती फरक चालतो, ते 'एच७' सांगतं.)

"व्हर्नियरनं मोजशील?"

"नाही ओ, त्याचा लीस्ट काउंट ०.०२, त्याहून बारीक मोजता येत नाही. भोक मोजायला बोअर गेज लावणार."

हे दहावीच्या गुणपत्रिकेत कुठं दिसणार होतं?

कारखानदारांची बाजू मला माहीत आहे. उद्यमनगरात माझा मित्र लेथ चालवतो. त्याच्याकडं येणाऱ्या कित्येक पोरांना दोन सूत म्हणजे किती मिलिमीटर, हे सांगता येत नाही. (६.३५. आमच्या पिढीला झोपेतून उठवून विचारलं तरी यायचं.) त्याची तक्रार रास्त आहे. पण मग तेच विचारा ना! १९६१च्या अप्रेंटिस कायद्यानुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. घ्यायचेच आहेत तर अर्धा तास काढा, टेबलावर एक जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, आणि बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर ठेवा, साधं ड्रॉइंग वाचायला द्या. ज्याला येत नाही त्याला खुशाल परत पाठवा.

पुतण्या बुधवारी गोकुळ शिरगावला दुसऱ्या कारखान्यात जातोय. मी त्याला सांगितलंय, गुणपत्रिकेबरोबर स्वतः घासलेला जॉबही पिशवीत ठेव, आणि कुणी मागितला नाही तरी टेबलावर काढून ठेव.