फ्लेमिंगो ५जीने मरतात म्हणे

नवी मुंबईत सीवूड्स-नेरूळकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरायला लागलाय, तुमच्याकडेही आला असेलच. थोडक्यात असं की आपले फ्लेमिंगो दरवर्षी सायबेरियातून न थांबता उडत ठाणे खाडीत येतात, हाडं पोकळ म्हणून थकत नाहीत, सगळ्यात म्हातारा पक्षी पुढे राहून वाट दाखवतो, चोचीत देवाने दिलेलं होकायंत्र असतं आणि ५जी टॉवरमुळे ते बिघडून पक्षी मरतायत. शेवटी अर्थातच "किमान दहा जणांना पाठवा". आमच्या ग्रुपवर ज्या काकांनी टाकला ते मनाने चांगले आहेत, पक्ष्यांची काळजी वाटते म्हणूनच टाकला, पण काका, यातलं एकेक वाक्य बघायला पाहिजे.

पहिलं सायबेरियाचं. नाही हो. इथले फ्लेमिंगो बरेचसे गुजरातकडून येतात, कच्छच्या मोठ्या रणात त्यांची वीण होते, चिखलाची बुटकी घरटी करून. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) २०२२ मध्ये काहींना जीपीएस टॅग लावले तेव्हा त्यातले काही इथून उडून गुजरातच्या किनाऱ्यावर गेलेले दिसले. म्हणजे पाहुणे सायबेरियाचे नाहीत, सौराष्ट्र मेलच्या रूटवरचे आहेत. गंमत अशी की खरे सायबेरियावाले त्याच चिखलात असतात. ओहोटीला नेरूळच्या टीएस चाणक्य या जहाजी शिक्षणाच्या संस्थेमागे जाऊन बघा, फ्लेमिंगोंच्या पायाशी मातकट रंगाची चिमणीएवढी पाखरं शिवणयंत्रासारखी चोच मारत पळत असतात, ते लिटल स्टिंट, आणि थोडे मोठे, खाली वाकलेल्या चोचीचे ते कर्ल्यू सँडपायपर. यांची वीण उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात होते, सायबेरियाच्या पार वरच्या टोकाला. स्टिंटचं वजन पंचवीस-तीस ग्रॅम असेल नसेल, आणि सगळे कॅमेरे मात्र गुलाबी मंडळींकडे!

न थांबता उडणारेही असतात, फक्त ते फ्लेमिंगो नाहीत. २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट जातीचं एक पिल्लू, पाच-एक महिन्यांचं, अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर गेलं, मध्ये कुठे खाणं नाही, पिणं नाही. हे पोकळ हाडांमुळे नाही, चरबीमुळे. निघायच्या वेळी गॉडविटच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग नुसती चरबी असते आणि आतडी वगैरे जे वाटेत लागणार नाही ते शरीर आधीच आकसून टाकतं.

पोकळ हाडांचा मुद्दा तर शाळेपासून ऐकतोय आपण. पोकळ असतात हे खरं, पण २०१० च्या एका अभ्यासात दिसलं की पक्ष्यांच्या हाडाचा पदार्थ सस्तन प्राण्यांपेक्षा जास्त घट्ट असतो, त्यामुळे शरीराच्या मानाने सांगाडा काही फार हलका पडत नाही. मजबूत असतो हा खरा फायदा.

आता म्हातारा लीडर. २०१४ मध्ये नॉर्दर्न बाल्ड आयबिस या पक्ष्यांच्या १४ जणांच्या थव्यावर सेन्सर लावून बघितलं, तर प्रत्येक जण पुढच्याच्या पंखाच्या टोकाबाहेर जी हवा वर उचलली जाते बरोबर तिथे आपला पंख ठेवत होता, तेवढी मेहनत वाचते. पुढच्याला मात्र काही वाचत नाही, म्हणून २०१५ च्या पुढच्या अभ्यासात दिसलं की ते जोडीजोडीने आलटून पालटून पुढे येतात आणि हिशोब जवळपास बरोबरीचा ठेवतात. आणि तो सगळा थवा माणसांनी वाढवलेल्या तरुण पोरांचा होता, वाट दाखवायला छोट्या विमानात बसलेली माणसं, म्हातारा कुणीच नाही. अनुभव कामाचा नसतो असं मी म्हणत नाही, व्हूपिंग क्रेन या क्रौंचांच्या थव्यात मोठ्या वयाचा एक जरी पक्षी असला तरी वाट कमी चुकते हे मोजलेलं आहे, पण म्हणून तोच कायम पुढे असतो असं नाही.

मुख्य भानगड होकायंत्राची. चोचीत लोहाचे कण असतात ही कल्पना बरीच वर्षं चालली, पण २०१२ मध्ये कबुतरांच्या चोचींचे पातळ काप करून बघितल्यावर त्या लोहवाल्या पेशी मज्जापेशी निघाल्याच नाहीत, त्या मॅक्रोफेज निघाल्या, म्हणजे शरीराची साफसफाई करणाऱ्या. आता जास्त संशय डोळ्यावर आहे, रेटिनातल्या क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रोटीनवर. २०२१ मध्ये युरोपियन रॉबिन या छोट्या स्थलांतरी पक्ष्याचं हे प्रोटीन प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा उजेड पडल्यावर ते चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देताना दिसलं.

५जीवाल्यांना इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे द्यायला हवी. जर्मनीत ओल्डेनबर्ग युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर रॉबिन नरसाळ्यासारख्या पिंजऱ्यात ठेवायचे, आतून कागद लावलेला, पक्षी ज्या बाजूला झेप घेतो तिकडे नखांचे ओरखडे उठतात. त्यांना दिशाच लागेना. मग लाकडी खोल्यांना अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून अर्थिंग केलं आणि पक्षी सुतासारखे सरळ झाले! २०१४ मध्ये हे छापून आलं. म्हणजे माणसाने केलेल्या रेडिओ गोंगाटाने होकायंत्र गडबडतं, खरंच. पण कुठल्या? त्या प्रयोगात साधारण ५ मेगाहर्ट्झच्या खालच्या, ज्यात मीडियम वेव्ह रेडिओ येतो. नंतर त्याच गटाने वर वर जाऊन बघितलं तर ८० मेगाहर्ट्झच्या आसपासही गडबड दिसली, पण १४० च्या आसपास परिणामच दिसला नाही. आपल्याकडचं ५जी सुरू होतं ७०० पासून, मुख्य पट्टा ३३०० च्या आसपास. शिवाय दिशा चुकणं वेगळं आणि तडफडून मरणं वेगळं. ते "नेदरलँड्समध्ये हेगला ५जी टेस्टने शेकडो स्टार्लिंग पक्षी मेले" असं फिरतं ते पण असंच, पक्षी मेले २०१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि टेस्ट झाली होती जूनमध्ये, एक दिवस.

मग आपल्याकडचे मेले कशाने? मे २०२४ मध्ये घाटकोपरला चाळीसच्या आसपास मेले ते उतरणाऱ्या विमानाला धडकून. त्याआधी एप्रिलमध्ये नेरूळच्या डीपीएस तलावात मेले तेव्हा भरतीचं पाणी आत यायचा रस्ता अडला होता आणि तळं कोरडं पडत होतं. फ्लेमिंगो चोच उलटी करून पाण्यातलं शेवाळ गाळून खातो, नुसत्या भेगाळलेल्या चिखलातून त्याला काही गाळता येत नाही. काका टॉवरवाल्यांना पत्र लिहायचं म्हणतायत, मी म्हटलं त्यापेक्षा पाणी आत येतंय की नाही ते विचारणारं लिहा, सही माझी पण घ्या.