50 मिलिमीटर जास्त की स्टॅबिलायझर? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की माझ्या लेखात नवशिक्यांना कॅननची 55-250 एसटीएम ही झूम लेन्स घ्यायला सांगून मी त्यांना खड्ड्यात घालतोय. 75-300 मध्ये स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, पण उडत्या पक्ष्याला तो कामाचाच नाही; शिवाय ती स्वस्तात मिळते, 50 मिलिमीटर जास्त देते आणि उद्या फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेतला तरी चालते.

शेवटचा मुद्दा मान्य, तो लेखात यायलाच हवा होता. 55-250 ही ईएफ-एस, म्हणजे छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची लेन्स; ती फुल-फ्रेम डीएसएलआर बॉडीवर बसत नाही. पण ज्याच्याकडे आज कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स आणि मोजकेच पैसे आहेत, त्याने पुढच्या कॅमेऱ्यासाठी आजचे फोटो का घालवायचे?

आता ते 50 मिलिमीटर. 250 वर जो पक्षी 1000 पिक्सेल भरतो, तो 300 वर 1200 भरेल. फरक एवढाच. आणि त्यासाठी स्टॅबिलायझर सोडायचा! कॅननच्या क्रॉप, म्हणजे छोट्या सेन्सरवर 250 म्हणजे फुल-फ्रेमवरच्या 400 चा कोन. हात जरा हलला की फोटो गेला. मागच्या हिवाळ्यात पुण्याजवळच्या कवडीपाटला सकाळी खंड्या फांदीवर बसला होता, ऊन अजून पाण्यावर उतरलं नव्हतं. माझ्याकडे स्टॅबिलायझर नसलेली जुनी 300 ची लेन्स. शटर 1/400 सेकंदापेक्षा हळू न्यायची हिंमत नाही, म्हणून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे येतात) 3200. घरी मोठा करून पाहिला तर चोच कुठे संपते आणि फांदी कुठे सुरू होते तेच कळेना. पुढच्या रविवारी तशाच उजेडात मित्राची 55-250 लावली: 1/100, आयएसओ 800. मानेवरच्या पांढऱ्या पट्ट्याची कडसुद्धा स्वच्छ आली.

उडत्या पक्ष्याला स्टॅबिलायझर कामाचा नाही, हे तुमचं बरोबर. तिथे 1/1000 च्या पुढेच जावं लागतं. पण तिथेही एसटीएमची फोकस मोटर कामाला येतेच. शिवाय ही लेन्स 85 सेंटिमीटरवर फोकस करते, 75-300 ला दीड मीटर लागतो. वेताळ टेकडीवर घाणेरीवरचं फुलपाखरू टिपायचं असेल तर हा फरक लगेच जाणवतो.

जुनी घेणाऱ्यांनी मात्र, लेन्स कोणतीही असो, मागून मोबाईलचा टॉर्च मारून आत बघावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असली तरी तशी लेन्स घेऊ नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सना ती हमखास धरते.

रविवारी सकाळी मी पाषाण तलावावर असतो. तुमची 75-300 घेऊन या, एकाच पक्ष्यावर दोन्ही लावून बघू.