पीलच्या बाटलीवर टक्के लिहितात, पीएच कोण लिहिणार?

तुळशीचं लग्न लागलं की ठाण्यात दोन गोष्टींचे भाव चढतात. एक कार्यालयांचे आणि दुसरे 'ब्रायडल पील पॅकेज'चे. गोखले रोडपासून घोडबंदरच्या टोकापर्यंत पार्लरच्या काचेवर तीच पाटी दिसते: टॅन, डाग, वांग, सगळं घालवू, चार सिटिंगवर पाचवं मोफत. स्टाफरूममध्येही हल्ली हाच विषय असतो आणि मी रसायनशास्त्र शिकवते म्हणून प्रश्न माझ्याकडे येतात. "मॅडम, पील करू का?" प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच इथे लिहिते.

पीलला, म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढण्याला, माझा विरोध नाही. गालांवरच्या वांगासाठी मी स्वतः त्वचारोगतज्ज्ञांकडून करून घेतली आहे. विरोध आहे तो पार्लरच्या खुर्चीत, कसला डाग आहे हे न बघता चेहऱ्यावर आम्ल लावण्याला.

आधी माझ्या विषयाचं बोलते. पार्लरवाली अभिमानाने सांगते, "आमचं थर्टी पर्सेंट ग्लायकॉलिक आहे." पण नुसत्या टक्क्यांवरून त्या बाटलीबद्दल जवळपास काहीच कळत नाही. बारावीच्या मुलांना आपण पीकेए शिकवतो, ते परीक्षेनंतर विसरायचं असतं असा समज आहे, पण ते इथे कामाला येतं. पीएच म्हणजे द्रावण किती आंबट त्याचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट; आणि ज्या पीएचला निम्मं आम्ल मुक्त राहतं तो आकडा म्हणजे पीकेए. ग्लायकॉलिक आम्लाचा पीकेए ३.८३. म्हणजे द्रावणाचा पीएच ३.८३ असेल तर निम्मंच आम्ल मुक्त स्वरूपात असतं आणि त्वचेत शिरतं ते मुख्यतः हे मुक्त आम्लच. त्याच ३० टक्क्यांच्या बाटलीचा पीएच ४.८ असेल तर मुक्त आम्ल त्या ३० पैकी जेमतेम ३ टक्के उरतं, चेहऱ्याला फारसं काही कळणारही नाही. पीएच दीडच्या आसपास असेल तर जवळजवळ सगळे ३० टक्के मोकळे. लेबलवर आकडा तोच, पण एक बाटली लोशनसारखी वागते आणि दुसरी भाजते. म्हणूनच अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांचे घटक तपासणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने १९९८ साली टक्के आणि पीएच दोन्हींच्या मर्यादा जोडीने सांगितल्या: घरगुती वापरासाठी १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ च्या खाली नको. प्रशिक्षित व्यक्तीने सलूनमध्ये लावायचं तर ३० टक्क्यांपर्यंत, पीएच ३ च्या खाली नको, थोडाच वेळ ठेवून नीट धुवायचं आणि त्यानंतर उन्हापासून रोज जपायचं. आपल्या नाक्यावरच्या पार्लरमध्ये एकदा पीएच विचारून बघा. मी विचारला होता. "इम्पोर्टेड आहे मॅडम," हे उत्तर मिळालं.

(आणि ते 'उसापासून बनलेलं, नॅचरल' वगैरे सोडून द्या. ग्लायकॉलिक उसात असतं हे खरं, पण बाजारातलं बहुतेक कारखान्यात बनतं. त्यात वाईट काही नाही. उसातून आलेलं आम्लही आम्लच.)

आता मुख्य धोका. पील म्हणजे त्वचेच्या वरच्या थराला मोजूनमापून केलेली इजा. तो थर सुटतो, त्याच्याबरोबर साठलेलं रंगद्रव्य थोडं जातं, खालून नवी त्वचा येते. गोऱ्या युरोपीय कातडीवर हे बरंच सरळ चालतं. आपली त्वचा मात्र इजा झाली की रंगद्रव्य जास्त बनवते. पुरळ फोडल्यावर काळा डाग महिनोन्महिने राहतो ना, तोच प्रकार. पील जरा खोल गेली, जास्त वेळ राहिली किंवा नंतर ऊन लागलं, तर डाग घालवायला गेलेली बाई आधीपेक्षा काळा चेहरा घेऊन परत येते. म्हणून आपल्याकडे जाणते डॉक्टर सहसा वरवरच्या, सौम्य पीलच करतात, त्याही दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने. खोल जाणाऱ्या फिनॉल पीलच्या वाटेला आपल्या वर्णाच्या लोकांनी जाऊच नये.

शिवाय प्रत्येक काळेपणा उन्हाचा नसतो. वांग वेगळा, वयाबरोबर येणारे उन्हाचे ठिपके वेगळे, पुरळाचे डाग वेगळे. वांगामागे उन्हाबरोबर गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्यातला कल असं बरंच काही असतं. आमच्या एका सहकारी बाईंची मान काळवंडली होती, कातडी जाड, मखमलीसारखी झाली होती. पार्लरमध्ये मानेची पॅकेजं झाली, फरक शून्य. त्वचेच्या डॉक्टरांनी मान बघताच साखर तपासायला सांगितली. तसल्या काळेपणामागे बऱ्याचदा इन्सुलिनचा घोळ असतो, तो ॲसिडने कसा जाणार?

माझ्या डॉक्टरांनी तर पहिल्या भेटीत पीलचं नावच काढू दिलं नाही. काचेतून, दिव्याखाली गाल बघितले आणि म्हणाल्या, "आधी सनस्क्रीन. पीलचं पावसाळ्यात बघू." मी हिरमुसले. पण नंतर सगळा हिशोब कळला. पीलच्या आधी काही आठवडे औषधी क्रीम लावून त्वचा तयार करावी लागते, म्हणजे आम्ल सगळीकडे सारखं शिरतं आणि नंतर काळं पडण्याची भीती कमी होते. आणि जी बाई सनस्क्रीन लावत नाही तिची पील करणं म्हणजे गळक्या नळाखाली फरशी पुसणं.

सनस्क्रीनही आपण कुंकवासारखं बोटाच्या टोकाने लावतो. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून लागतं आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत. "मी तर ऑफिसात असते" हे ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत बसणाऱ्या माझ्या भाचीचं वाक्य. अगं, उन्हातले यूव्हीबी किरण काच अडवते, पण यूव्हीए किरणांचा मोठा भाग आत येतो. वांगाला तर दिसणारा उजेडही भडकवतो. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन लागतं. स्कूटरवरून जाताना तोंडाला गुंडाळलेला स्टोल चांगलाच, पण कपाळ उघडंच राहतं आणि वांग तिथेही असतो.

प्रत्यक्ष पील म्हणजे काही मिनिटांचा खेळ. चेहरा पुसून कोरडा करतात, डोळ्यांच्या कोपऱ्यांना व्हॅसलिन लावतात, घड्याळ लावून आम्ल फिरवतात. चुरचुरतं, पंखा हातात देतात. डॉक्टर सगळा वेळ चेहऱ्याकडे बघत उभ्या, कारण कुठे लाली जास्त दिसली की तिथे लगेच शमवायचं असतं. पार्लरमध्ये मुलगी आम्ल लावून शेजारच्या खुर्चीत आयब्रो करायला गेलेली मी डोळ्यांनी बघितली आहे. पुढचे दिवस चेहरा सालपटतो, ती सालं ओढायची नाहीत, थ्रेडिंग, ब्लीच बंद.

फरक? पडला. डाग फिके झाले, गेले नाहीत, आणि मे महिन्यात थोडे परतही आले. वांगाचं असंच असतं, तो आटोक्यात ठेवायचा असतो. जो कायमचा घालवायची हमी देतो त्याच्याकडे पैसे भरू नका.

पीलपेक्षाही मला भीती वाटते ती मेडिकलमधून मागून आणलेल्या ट्यूबची. स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असलेलं क्रीम, डॉक्टरांनी काही आठवड्यांसाठी दिलेलं, मग बहिणीला, जावेला, शेजारणीला. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ, लाल, केसाळ, आणि क्रीम थांबवलं की आग. २०१८ मध्ये अशा स्टिरॉइड क्रीमना चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकलं. तरी काउंटरवर नुसतं नाव घ्या, मिळतंय की नाही बघा.

आणि आता अकरावीच्या मुली लाल रंगाचं ३० टक्क्यांचं सोल्युशन ऑनलाइन मागवून वसतिगृहाच्या बाथरूममध्ये लावतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने जुलै २०२४ मध्ये असल्या पील डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय वापरू नका असा स्पष्ट इशारा दिला, भाजल्याच्या तक्रारी आल्या म्हणून. या मुलींच्या चेहऱ्यावर डाग नसतात हो. त्यांना सावळेपणा घालवायचा असतो, तो कुठल्या स्थळाने किंवा आत्याने नाकावर बोट ठेवून दाखवलेला असतो. त्यावर पील नाही, आणि करायचीही नाही.

ज्यांना खरंच डाग आहेत त्यांनी पाटीवर 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' नाही, त्वचारोगातली एमडी किंवा डीडीव्हीएल ही पदविका लिहिलीय का ते बघा. खाजगी परवडत नसेल तर कळव्याच्या महापालिका रुग्णालयात जा, रांग लागते पण तपासणी नीट होते. गरोदर असाल, ओठांवर वारंवार तापाचे फोड येत असतील, मुरुमांच्या गोळ्या चालू असतील तर विचारायची वाट न बघता सांगा. आणि घरात असतील-नसतील त्या सगळ्या क्रीमच्या ट्यूबा पिशवीत घालून घेऊन जा. अर्धवट संपलेल्यासुद्धा.