राणी, आजी आणि मिल्या

काल बापू कट्ट्यावर आला तोच कानात नवे हेडफोन घालून, डोळे मिटलेले, काकडआरतीला उभा असल्यासारखा चेहरा. पाच मिनिटं कोणाशी बोलला नाही, मग एकेकाच्या डोक्यावर हेडफोन चढवत सुटला. "ऐक. व्हिक्टोरिया राणी. १८८८. साक्षात!"

मी ऐकलं. खर्रर्र, मग बादलीत तोंड घालून कोणीतरी काहीतरी बोलतंय, परत खर्रर्र.

"पापड तळतायत का रे?" शुभी.

बापू भडकलाच. मॉर्स नावाचा वकील ग्राफोफोन घेऊन बाल्मोरलला गेला, राणी त्यात चार शब्द बोलली, ते मेणाचं नळकांडं लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, आणि त्यात 'आय हॅव नेव्हर फरगॉटन' असं स्पष्ट ऐकू येतं म्हणे.

"तू आधी सांगितलंस म्हणून स्पष्ट," शुभी म्हणाली. "मी सांगते, ती 'दोन कटिंग, एक बिनसाखर' म्हणतेय. आता परत ऐक."

मिल्याने परत ऐकलं आणि शप्पथ, त्याला तेच ऐकू आलं.

मग मिल्याने त्याचं घोडं पुढे दामटलं, की आवाज तिचाच का यावरच वाद आहे, खात्रीचा माल हवा तर ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ घ्या, १९०० चं पॅरिसचं प्रदर्शन, पौलसेनचं पोलादी तारेवर रेकॉर्ड करणारं मशीन.

"बोलला काय पण?"

"शोध फार आवडला, दाखवल्याबद्दल आभारी आहे."

"म्हणजे उद्घाटनाला आलेला नगरसेवक."

बापूचा तोवर गळा दाटून आलेला. अरे जिच्या नावाचे राणीछाप रुपये आपल्या पणज्यांनी मोजले, तिचा आवाज, अंगावर काटा वगैरे वगैरे. (बापूला लिफ्टमधल्या बाईच्या आवाजानेही काटा येतो, ते असो.)

"इथून गणेशखिंड किती लांब रे?" शुभीने शांतपणे विचारलं. "१८९७ साली हिच्याच हीरकमहोत्सवाच्या रात्री चापेकरांनी रँडला गाठला. ती 'गोंद्या आला रे' आरोळी कोणी नळकांड्यावर घेतली असती ना, तर हेडफोन मी विकत घेतले असते."

यावर कोणी काय बोलणार. मी आपलं वातावरण निवळावं म्हणून सांगितलं की त्यानंतर वर्षभराने, ९८ ला, राणीने इथिओपियाच्या मेनेलिकला फोनोग्राफवर निरोप पाठवला, अट एकच, ऐकून झालं की नळकांडं नष्ट करायचं. त्याने ऐकलं, तोफांची सलामी दिली आणि खरंच नष्ट केलं. मेनेलिकचं आणि त्याच्या राणीचं उलट उत्तर मात्र अजून आहे.

"बाई हुशार. पुढे बापू जन्माला येणार हे तिला कळलं होतं."

"नष्ट करायला मिल्याला बोलवायचं ना," बापू एकदम म्हणाला.

झालं. १९९३ सालची कॅसेट निघाली. बापूच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, कोणी पुसू नये म्हणून बापूने कॅसेटच्या पाठची चकती मोडून ठेवलेली, आणि या मिल्याने त्या भोकावर सेलोटेप लावून वर अख्खा चित्रहार भरला. तीस वर्षं झाली, मिल्या अजून म्हणतो, मला वाटलं ब्लँक आहे. ब्लँक कॅसेटला सेलोटेप कशाला लावलास रे, असं शुभीने विचारलं तर त्याला अचानक चहा हवा झाला.

"शेवटची दहा सेकंद वाचलीत," बापू म्हणाला आणि मोबाईलवर लावलं. शुभीने हेडफोन त्याच्या डोक्यावरून ओढूनच घेतले. जात्याची घरघर, मग आजी, खणखणीत: "झालं का रे? बंद कर मेल्या ते आता."

"मेल्या नाही, मिल्या म्हणतायत," शुभी म्हणाली. "स्पष्ट ऐकू येतंय."

मी ऐकलं. मिल्याच. बापूने ऐकलं, त्यालाही मिल्याच. मिल्या जीव तोडून सांगत होता की अरे मेल्या आहे, मे, मेल्या, तेव्हा माझा काय संबंध, पण तीन विरुद्ध एक झालं आणि कालचा चहा, क्रीमरोल धरून, त्याच्या खात्यावर गेला.